दारापर्यंतच्या गोष्टी

"ता ऱ्हवांदे. खाल्ल्यान काय ता सांग."

कुणाचीही, कसलीही हकिकत मावशींना सांगायला लागा, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला त्या हात वर करून थांबवत आणि हे विचारत. माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले होते, ते मी सांगत होते. मुलगा काय करतो, घर कुठे, माणसं किती, असं मुद्देसूद. त्यांचा हात वर झाला. "पोहे खाल्ल्यान की नुसते चिवडल्यान?" मला आठवेना. "मगे तू थंय काय करत होतंस?"

बाजारातले एक दुकानदार वारले तेव्हा आम्ही दोघी भेटायला गेलो होतो. ओसरीवर सगळे गप्प बसलेले. यांनी त्या घरच्या मुलाला विचारलं, "शेवटचा काय खाल्ल्यानी रे?" मी कपाळाला हात लावला. तो मुलगा म्हणाला, "पेज. आणि लोणच्याचो खार. खार होयो म्हणान हट्ट केल्यानी." मग रडला, आणि मग बोलत सुटला. तोवर तो कुणाशी बोललाच नव्हता, हे मला नंतर कळलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा एखादा प्रश्न आपण सवयीचा म्हणून सोडून देतो. तो कुठून आला हे विचारायचं आपल्या यादीत नसतं.

आणि माझ्या तर सगळ्याच गोष्टींची यादी असते. मालवणच्या बाजारात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं की आधी दिवसभराच्या कामांची यादी, मग कागद आणि शाईची, मग कुणाला काय कधी द्यायचं त्याची. माझा नवरा म्हणतो, ही चितेवरून उठून विचारील, लाकडं मोजून घेतलीत ना. म्हणू दे. माझ्या दुकानातून कुणाचा कागद हरवून गेलेला नाही.

त्या माझ्याकडे आल्या त्या कथा टाइप करून घ्यायला. टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, मालवणपासून रिक्षाने अर्ध्या तासावरच्या गावात भावाच्या घरी राहणाऱ्या. भाऊ-भावजय गेल्यावर पुतण्याचा संसार. काठाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि उन्हाळा-पावसाळा एकच काळी छत्री. माझ्याशी आणि कचेरीच्या माणसांशी शुद्ध मराठी सुरू करायच्या आणि तिसऱ्या वाक्याला मालवणीवर यायच्या. मी त्यांना मावशी म्हणायची.

कथा दिवाळी अंकांना जात. वर्षाला दोन, फार तर तीन. अक्षर असं की मला टाइप करायला वाचावं लागतच नसे, बोटं आपोआप चालत. पण मी वाचायची. आणि शेवटच्या पानाशी दर वेळी अडखळायची.

एक बाई मुलीचं घर शोधत सावंतवाडीला जाते. तळ्याकाठी कुणाकुणाला विचारत, पायात गोळे येईपर्यंत फिरत शेवटी घर सापडतं. ती कडीला हात लावते. कथा संपली. एक माणूस कितीतरी वर्षांनी फोंडाघाटातून खाली उतरून आपल्या घरी येतो. आतून कुणाचातरी खाकरण्याचा आवाज येतो. तो वहाणा काढतो. संपली. वाटेत त्या माणसाने कुठल्या हॉटेलात काय खाल्लं, भजी शिळी होती की ताजी, हे सगळं असायचं. आत गेल्यावर काय झालं, ते कधीच नाही.

पहिल्या कथेच्या वेळी एका संपादकांचा मला फोन आला. "शेवटचं पान टाइप करायचं राहिलंय का?"

मी पानं मोजून पाठवते. तसं सांगितलं.

"मग त्यांना म्हणावं, शेवट पाठवा."

मी निरोप दिला. त्या हसल्या. "म्हायत असतो तर पाठवलो नसतो?"

पुढे त्या संपादकांचा दर वर्षी फोन यायचा, दर वर्षी तोच प्रश्न घेऊन, आणि तरी कथा ते छापायचे. मला आणखी एक गोष्ट टाइप करताना लक्षात आली. प्रत्येक कथेत कुठेतरी कुणीतरी कुणाचेतरी केस विंचरत असे. गोष्टीशी संबंध असो नसो. एकदा मी विचारलंच. "मावशी, ही फणी दर वेळी कुठून येते?"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दुपारची वेळ. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहिते.

त्यांच्या गावात गावपळण असते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाचा कौल घेतात. कौल मिळाला की ठरल्या दिवशी सगळं गाव घरंदारं बंद करून वेशीबाहेर जातं. गुरं, कुत्री, कोंबड्या, तान्ही मुलं, सगळं. वेशीबाहेर झोपड्या बांधून तीन दिवस राहायचं. त्या तीन दिवसांत गाव माणसांचं नसतं. कुणाचं असतं ते कुणी मोठ्याने बोलत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परत. मागे राहायचं नाही, हा नियम. अगदी कुणीही.

त्या लहान, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायच्या वयाच्या. घरात वडिलांची विधवा बहीण होती. आते. खाटेला खिळलेली. एक पाय आणि एक हात गेल्यासारखे, हलवलं की किंचाळायची. त्या वर्षी पळण ठरली आणि आतेने भावाला सांगितलं, "माका हलवू नकात. मी हयंच रवतंय." भाऊ घाबरला. गावाला कळलं तर? आते म्हणाली, "सांगा, वेंगुर्ल्याच्या फुडे रेडीक भाचीकडे गेली म्हणान. तीन दिस माका घर माझा एकटीचा होया. परत कधी गावाचा?"

भावाला खोटं बोलायला जमेना. जमलं ते या मुलीला. आतेने खाटेवर पडल्या पडल्या तिच्याकडून पाठ करून घेतलं.

"नुसता 'गेली' म्हणू नको गो. नुसत्या गेलेल्यावर लोक इश्वास ठेवनत नाय. आगबोटीन गेली. पडावात उतरताना लुगड्याचो काठ भिजलो. बोटीत मळमळला म्हणान आवळ्याची सुपारी चघळल्यान. वेंगुर्ल्याच्या धक्क्यार उतरली तेव्हा भूक लागली, मगे गुळाचा खाजा खाल्ल्यान. काय खाल्ल्यान ता सांगलंस की माणूस खरा होता."

"आणि मगे?"

"मगे काय झाला ता तू परत इलंस की सांगतंय. तुका बोटीचा सांगतंय आणि हय तीन दिस काय घडला ताय सांगतंय. पण कोणाक बोलाचा नाय."

मुलगी सगळ्यांबरोबर वेशीबाहेर गेली आणि तीन दिवस गोष्ट सांगत राहिली. एकाला सांगितली, मग चौघं ऐकायला बसले, मग बायका कामं टाकून आल्या. कुणी खोदून विचारलं की ती आणखी भर घालायची. बोटीवरचा खलाशी, त्याच्या गळ्यातला ताईत. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातून धुराची एक बारीक रेघ वर जाताना दिसली. माणसं हात जोडून उभी राहिली. तिकडे चूल पेटलीय, म्हणजे ते आलेत. मुलगी गोष्ट अर्धी टाकून धुराकडे बघत होती. तिच्या घरात चूल पेटवू शकणारं कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे धावत घरी गेली. आते खाटेवर होती. जिवंत होती. उशाशी तीन दिवसांची पेज झाकून ठेवली होती ती आंबून तशीच, हातसुद्धा न लावलेली. आणि आतेचे केस विंचरलेले होते. दोन वेण्या घातलेल्या. शाळेतल्या मुलीच्या असतात तशा, कानामागून दोन.

"आते, केस कोणी बांधल्यान?"

आतेने तिच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ती काही वर्षं जगली. पाणी दे, दार लाव, एवढं बोलायची. बोटीचं पुढे काय झालं ते सांगितलं नाही. घरात तीन दिवस काय घडलं ते तर नाहीच.

"मी रोज विचारी," मावशी म्हणाल्या. "मगे विचारूचा सोडलंय आणि लिवक लागलंय. काय लिवला तरी दारापर्यंत जाता. आत काय आसा ता माका दिसनाच नाय."

मी त्यांना पाणी दिलं. त्या दिवसापासून त्यांची पानं टाइप करताना शेवटच्या ओळीशी माझ्या पाठीवरून काहीतरी सरकायचं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी त्या न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, वॉकर आला. गावातून दुकानात येणं बंद झालं, मीच रविवारी जायला लागले. पुतण्या आणि त्याची बायको त्यांना आते म्हणायचे. आता त्या घरात आते म्हणजे त्याच होत्या, मागच्या खोलीतल्या खाटेवर. हे माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं असणार.

मग पळण ठरली.

त्या रविवारी त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितलं आणि हळू आवाजात योजना मांडली. घरचे सगळे वेशीबाहेर जातील. मी रिक्षा घेऊन यायचं, आतेला तीन दिवस मालवणला माझ्या घरी नेते म्हणायचं, आणि सगळे गेले की त्यांना तिथेच ठेवून निघून जायचं. चौथ्या दिवशी सकाळी यायचं.

"रिक्षावाल्याला काय सांगू?" मी म्हटलं. "औषधं कोण देणार? सकाळची दोन, रात्रीच्या तीन गोळ्या. संडासला जायला..."

"यादी करू नको. गोष्ट कर. सांग बघया, तुझ्या घराक इलंय आणि काय जेवलंय?"

"भात, आमटी, भाजी."

"अशी सांगलंस तर शेंबडा पोरगाय इश्वास ठेवचा नाय. सौंदाळ्याची कढी सांग. काटो घशात अडाकलो, तुझ्या घोवान भाताचो मुटको करून दिल्यान, तो गिळलंय तेव्हा खाली गेलो. म्हण."

मी म्हणून बघितलं. माझ्या तोंडून ते बँकेच्या सूचनेसारखं आलं. त्या हसून हसून खोकल्या. मलाही हसू आलं. मग मी गंभीर झाले.

"मावशी, मी हे करणार नाही. तुम्ही पडलात तर उचलणार कोण?"

"ज्येणा आतेचे केस बांधल्यान तो उचलीत."

मी पुन्हा हसायला गेले, पण त्या हसत नव्हत्या. "गो, माझ्याकडे दुसरी पळण उरूक नाय," त्या म्हणाल्या. "माका बघूचा आसा थंय कोण येता. एकदाच. मगे मी शेवट लिवतंय आणि मरतंय."

मी नाही म्हटलं ते म्हटलंच. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ते बघून माझा निर्धार जवळजवळ मोडला होता. पण बदल्यात मी एक केलं. तीन दिवस दुकान नवऱ्याच्या हवाली करून मी त्यांच्याबरोबर वेशीबाहेर राहायला गेले.

व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे माळावर झोपड्या पडल्या होत्या. आता ताडपत्र्या असतात, बॅटरीचे दिवे असतात, मोबाइल चार्ज करायला कुणीतरी जनरेटर आणतं. कोंबड्या डालग्यात, बकऱ्या खुंटाला, बायकांच्या फुगड्या, पुरुषांचे पत्ते. बाहेरगावची पोरं रील काढायला आलेली. त्यातल्या एकाने मावशींच्या तोंडापुढे मोबाइल धरला. "आजी, गावात भुतं येतात का?"

"तू सकाळी काय खाल्लंस?"

"वडापाव."

"मगे येतली नाय. वासान पळतली."

पोरगा खूश होऊन गेला. मावशी पुन्हा गावाकडे बघायला लागल्या. त्यांनी आपली प्लॅस्टिकची खुर्ची व्हाळाच्या अगदी काठाशी लावून घेतली होती, सगळ्यांकडे पाठ, गावाकडे तोंड. मीही बाजूला बसून बघत होते. पलीकडे माडांचे शेंडे, त्याखाली कौलं. धूर नाही, हाक नाही. कोंबडा आरवला तो आमच्या मागून. गावातून एकच आवाज येत होता, कुठलंतरी न लावलेलं दार वाऱ्याने आपटत होतं. थांबायचं. मग पुन्हा आपटायचं. मी हिशेबी बाई आहे, दार वाऱ्याने आपटतं हे मला समजतं. तरी मी ते आपटायची वाट बघत होते.

शेजारच्या झोपडीत समुद्राकडच्या वाडीतली एक म्हातारी होती. मावशींच्याच वयाची, उभा जन्म डोक्यावर पाटी घेऊन मासे विकलेली, मान अजून ताठ. मालवणच्या बाजारात मीही तिच्याकडून मासे घेतलेले. ती पहिल्या दिवशी आमच्याकडे नुसती बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आली आणि मावशींच्या खुर्चीजवळ उकिडवी बसली.

"बाय गो, तुझ्या आतेचा माका म्हायत आसा."

मावशींनी मान वळवली नाही. "काय म्हायत आसा?"

"ती रेडीक गेली नव्हती ता. आणि थंय कोण होता ताय."

"थांब."

एवढंच. म्हातारी थांबली. थोडा वेळ बसून उठून गेली. मला काही कळेना. ज्याच्यासाठी ही बाई मोडक्या खुब्यानिशी एकटी राहायला निघाली होती, ते कुणीतरी हातात आणून देत होतं.

"मावशी, विचारून का नाही घेतलंत?"

त्या गावाकडे बघतच बोलल्या. "इतकी वर्सा मी त्येच्यारच जगलंय गो. ता सांगून संपला, की माझ्याकडे काय उरतला?"

दिवसभर त्या जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला म्हातारीला बोलवायला पाठवलं. ती आली, बसली.

"सांग," मावशी म्हणाल्या. "पण पयला सांग, खाल्ल्यान काय?"

"खारो बांगडो. निखाऱ्यार भाजलेलो. आणि गरम भात."

"धूर!" मावशी म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, तो घट्ट झाला. "तो धूर!"

"तोच. माझ्या आवशीन चूल पेटवलेली."

मग तिने सांगितलं. त्या वर्षी पळणीच्या आधी तिचा बाप होडी घेऊन समुद्रात गेला होता तो परतला नव्हता. तिची आई गाव सोडायला तयार होईना. होडी आली आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नसलं तर तो काय समजेल? मुलांना तिने शिकवलं, आवस मामाकडे गेली म्हणून सांगा, आणि स्वतः मागे राहिली. मासेमाराच्या बायकोला शोधायला कोण बसलंय? किनाऱ्यावरून पाण्याच्या शोधात वर आली तेव्हा एका बंद घरातून हाक ऐकू आली. आतेला वाटलं भूत आलं, आणि तिला वाटलं भूत बोलावतंय. तीन दिवस मग त्या दोघी होत्या. एक किनाऱ्यावर जायची, होडी दिसते का बघून परत यायची. दुसरी खाटेवरून तिला गोष्टी सांगायची, पाण्यात पाय घालू नये म्हणून.

"आवस म्हणाली, त्या बायेन गोष्टी सांगूक नसत्यो तर मी पयल्याच दिसा दर्यात गेलंय असतंय. आतेन कोणाक बोलूक नाय, कित्या? बोलली असती तर गावान माझ्या आवशीक रवाक दिल्यान असता?"

मावशींचे डोळे वाहत होते. पुसायला त्यांचा हात वर आला नाही. "गोष्टी तिका सांगल्यान," त्या म्हणाल्या. "माका सांगूच्यो त्यो तिका सांगल्यान. बरा केल्यान." मग जरा वेळाने, "आणि वेण्यो? त्यो तुझ्या आवशीन घातल्यान?"

म्हातारीने आपल्या हातांकडे बघितलं. "नाय. आवशीन केस विंचरून सुटे सोडलेले. ती म्हणाली, वेणी घालूची रवली, मी किनाऱ्यार गेलंय. परत इलंय तर वेण्यो घातलेल्यो. आतेक विचारलंय, तर आते नुसती हसली."

गावातलं ते दार आपटलं.

आणि मावशी हसायला लागल्या. पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येतंय आणि हसतायत. पत्त्याच्या डावातले पुरुष वळून बघायला लागले. "म्हणजे अजून उरला!" त्या म्हणाल्या. "आयकलंस गो? अजून उरला आसा!"

घरी परतल्यावर त्यांनी शेवटची कथा मला सांगून लिहवून घेतली. हात थरथरायचा, म्हणून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खाटेशी बसायची. या कथेत पहिल्याच ओळीत दार उघडं होतं. आत दोन बायका. एकीला हलता येत नाही, दुसरीला थांबता येत नाही. भात शिजतोय, बांगड्याचा वास. केस विंचरले जातात. एक बाई किनाऱ्यावर जायला उठते, दुसरीचे केस उशीवर सुटे पडलेत, आणि दारात कुणाचीतरी सावली येते. तिथे त्या थांबल्या. पुढच्या रविवारी पुढचं, म्हणाल्या.

शिमग्याच्या आधी, झोपेतच गेल्या. पुतण्याचा फोन आला तेव्हा मी त्याला वेळ, डॉक्टर, दाखला यांतलं काहीच विचारलं नाही. विचारलं, "रात्री काय खाल्लं त्यांनी?" तो म्हणाला, दुधातली भाकरी, अर्धी. उरलेली मांजराला घातली.

कथा मी आहे तशी पाठवली. संपादकांचा फोन आला. "शेवटचं पान?"

"नाही. एवढीच आहे."

फोनमधून पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "छापतो."

अंक आला त्या आठवड्यात मासळीवाली म्हातारी दुकानात आली. बाजार उरकून, रिकामी पाटी कमरेवर. तिला वाचता येत नाही. म्हणाली, बायची गोष्ट वाचून दाखव. मी वाचली. ती खुर्चीत न बसता उंबऱ्यावर बसून ऐकत होती. सावलीपाशी मी थांबले.

"पुढे?"

"पुढे नाही. पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं."

तिने पाटी खाली ठेवली. "माका म्हायत आसा," ती म्हणाली. "मीच होतंय ती."

मी अंक मिटला.

"तिसऱ्या दिसा दुपारी आवशीची आठवण सोसना, म्हणान व्हाळ ओलांडून गावात गेलंय. चेडूच होतंय मी, किती असतलंय? आवस किनाऱ्यार होती, माका गावली नाय. त्या घराचा दार उघडा. आतसून बायची आते म्हणाली, कोण गो? माझी तर दातखीळ बसली. ती म्हणाली, भियू नको, भूत नाय मी. तोंडार आवसच दिसता तुझ्या. ये, केस बांध माझे, तुझ्या आवशीन सुटेच सोडल्यान. माका एकाच तऱ्हेन बांधूक येय, शाळेत जाताना घालतत तश्यो. दोन. तश्यो घातलंय. म्हणाली, कोणाक सांगू नको, तुझ्या आवशीकय नाय. नाय सांगलंय."

"कधीच?"

"बापूस इलो नाय मा परत. मी वेस ओलांडलंय म्हणान तो इलो नाय, असा माका वाटला. अजूनय वाटता. कोणाक सांगू?"

मी तिच्यासाठी चहा मागवला. ती तो बशीत ओतून हळूहळू प्यायली. मला राहवेना. "काकी, मग त्या दिवशी माळावर त्यांना का नाही सांगितलंत? त्यांनी विचारलं होतं. त्यासाठीच तर त्या जगत होत्या."

"सांगूकच गेल्लंय. सगळा सांगून मोकळी होतंय म्हणान गेल्लंय." तिने बशी पुसून कपावर ठेवली. "पण ती कशी हसली, बघितलंस मा तू? ता हसणा मी कसा काढून घेव? आता कोणाक सांगलंस तरी चलात. ज्येका सांगूचा नव्हता ता गेला."

ती उठली, पाटी डोक्यावर घेतली, चुंबळ नीट केली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"एक सांगू? त्या दिसा मी पळत परत इलंय, ओल्या परकरान, तेव्हा ही बाय थंय बसान गोष्ट सांगत होती. आगबोटीची. आते धक्क्यार उतरली, खाजा खाल्ल्यान. मीय बसान आयकलंय. माझ्या हाताक तिच्या आतेच्या केसांचा तेल होता गो. सुकला नव्हता. आणि तरी माका वाटला, पोचली. बरी पोचली रेडीक."